गावाकडच्या चित्रकाराचं चरित्र लिहायचंय? आधी चित्रं मोजा

सांगली-सातारा भागात जुन्या शाळेच्या हॉलमध्ये मान वर करून पाहिलंत, तर एखादं तैलरंगातलं पोर्ट्रेट हमखास दिसतं. संस्थानिकाचं, देणगीदार शेटजींचं, नाहीतर टिळकांचं. खाली कोपऱ्यात पुसट सही. ती कुणाची म्हणून विचारलं की उत्तर येतं, "आमचे ड्रॉइंग मास्तर होते ना, त्यांनी काढलंय." मास्तरांवर पुस्तक नसतं. कधीतरी नातू किंवा जुना विद्यार्थी मनावर घेतो आणि पहिल्याच दिवशी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसासमोर बसतो. दोन-तीन तासांत हाती लागतं ते एवढंच: फार साधे होते, कुणाचं वाईट चिंतलं नाही, हातात जादू होती. यातून श्रद्धांजलीचा लेख होतो, चरित्र होत नाही.

मी मिरज भागातल्या अशाच एका मास्तरांचं चरित्र पुरं केलं. दिवसा शाळा, रात्री नाटकाचे पडदे आणि सुटीत संस्थानिकांची पोर्ट्रेटं, असा माणूस. त्या कामातून बसलेला क्रम खाली देतोय. तो थोडा उलटा वाटेल, कारण माणसांपेक्षा चित्रं आधी येतात. तालुक्याच्या गावातला चित्रकार डायरी ठेवत नाही, त्याची पत्रं कुणी जपत नाही. त्याचं सालवार आयुष्य राहतं ते त्याच्या कॅनव्हासवर, आणि बऱ्याचदा कॅनव्हासच्या मागच्या बाजूला.

सोबत काय हवं

- मोजपट्टी (कापडी, लोखंडी टेप चित्राजवळ नको), भिंग, लहान टॉर्च
- बरा कॅमेरा असलेला फोन, शक्यतो तिकाटणं
- काळं साधं कापड, दोन मीटर तरी
- मऊ पेन्सिल; चित्राजवळ शाईचं पेन काढू नका
- एक जाड वही आणि घरी आल्यावर भरायला एक्सेलचा तक्ता
- तुम्ही कोण, काय करताय हे सांगणारं एक पानी पत्र, खाली सही आणि फोन नंबर. शाळा, वाचनालय, देवस्थान, ट्रस्ट सगळीकडे लागतं. एखाद्या महाविद्यालयाचं किंवा वाचनालयाचं शिफारसपत्र जोडलंत तर दारं लवकर उघडतात.
- आधार कार्डाच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, कोर्ट फी स्टॅम्प

१. आधी छापलेलं वाचून घ्या

हे काम दोन दिवसांचं आहे, पण टाळू नका. मराठी विश्वकोश आणि शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड चाळा. तुमचा चित्रकार तिथे नसेलच, पण त्याचा गुरू, वर्गमित्र किंवा आश्रयदाता असू शकतो. मुंबईच्या जे.जे. स्कूल या कलाशाळेत १८९० ते १९३१ या काळात काय चाललं होतं, हे कळायला चित्रकार रावबहादूर धुरंधरांचं १९४० साली छापलेलं आत्मकथन वाचाच. भाषा जुनी आहे, तपशील भरपूर आहे.

वाईच्या लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालयात आणि साताऱ्याच्या नगर वाचनालयात जुनी मासिकं मिळण्याची शक्यता इतर गावांपेक्षा जास्त. सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयात २०१९ च्या पुराचं पाणी शिरलं होतं. काय बचावलंय ते आधी फोन करून विचारा आणि मगच तारीख ठरवून जा.

२. चित्रांची यादी करा

यावर जितका वेळ घालवाल तितका पुढे वाचतो. मी म्हणेन, एकूण कामाचा निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल.

प्रत्येक चित्राला एक क्रमांक द्या आणि तक्त्यात इतकं भरा: विषय, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी, सेंटीमीटरमध्ये, फ्रेम सोडून), सही कुठे आणि कशी, साल लिहिलंय का, आता कुणाकडे आहे, त्यांच्याकडे कसं आलं, अवस्था कशी आहे. शेवटचा रकाना 'पाठ'. म्हणजे मागची बाजू.

मागच्या बाजूचं महत्त्व नव्या माणसाला कळत नाही. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, कॅनव्हास विकणाऱ्या कंपनीचा शिक्का, प्रदर्शनाला पाठवलेलं असेल तर चिकटवलेला नंबर, कधी पेन्सिलीत लिहिलेली किंमत. फ्रेमच्या दुकानाच्या चिठ्ठीवर 'मिरज सिटी' असं असेल तर चित्र निदान एकदा तरी मिरजेला बांधलं गेलं. मुंबईच्या प्रदर्शनाचा नंबर असेल तर त्या वर्षीचा कॅटलॉग शोधायची दिशा मिळते. चित्र भिंतीवरून उतरवायला घरच्यांचीच मदत घ्या. जुनी दोरी कुजलेली असते. तुम्ही दोन्ही हात फ्रेमला लावा, कॅनव्हासला बोट नको.

फोटो काढताना फ्लॅश बंद. चित्र सकाळी खिडकीजवळच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा. कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि समांतर धरा. काच काढू देत नसतील तर तुमच्या मागे दोघांना काळं कापड ताणून धरायला सांगा. काचेत दिसणारी ट्यूबलाइट आणि तुमचं डोकं दोन्ही जातात. एक फोटो पूर्ण, एक सहीचा, एक पाठीचा, आणि चेहरा किंवा हात यांचे जवळून दोन. हात जरूर घ्या. घाईत केलेलं काम हातांच्या बोटांत उघडं पडतं.

आता खड्डे.

*सही म्हणजे पुरावा नव्हे.* एकाच माणसाची सही तरुणपणी इंग्रजीत, मग देवनागरीत, म्हातारपणी नुसती आद्याक्षरं अशी बदलते. तो बदल कोणत्या सुमारास झाला हे साल असलेल्या चित्रांवरून ठरवलंत, तर साल नसलेल्या चित्रांचा अंदाज बांधता येतो. आडनावाच्या जागी 'पेंटर', 'चितारी', 'मास्तर', 'मिस्त्री' असलं काही असेल तर ती दुसरीच व्यक्ती असू शकते. आणि रंगाच्या थराला पडलेल्या बारीक भेगांच्या वरून सही गेलेली दिसली, तर ती मागाहून कुणीतरी घातलेली आहे. भिंग यासाठीच.

*पोर्ट्रेटमधल्या माणसाचं साल आणि चित्राचं साल वेगळं असतं.* आपल्याकडची निम्म्याहून अधिक पोर्ट्रेटं माणूस गेल्यावर फोटोवरून काढलेली असावीत, असं माझं मत झालंय. शेटजी गेले म्हणून मुलांनी शाळेला देणगी दिली, शाळेने मास्तरांना फोटो दिला, मास्तरांनी तैलचित्र केलं. फोटो दहा वर्षं जुना, चित्र पाच वर्षांनंतरचं. हॉलच्या उद्घाटनाची कोनशिला पाहा. तिच्यावरची तारीख जास्त कामाची.

*रंगवलेला फोटो.* ब्रोमाइड एन्लार्जमेंटवर रंगाचं फिनिशिंग करणं हा त्या काळी चांगला चालणारा धंदा होता. लांबून तैलचित्रच वाटतं. कडेला, फ्रेमखाली लपलेल्या भागात, फोटोचा करडा कागद दिसतो. अशी कामंही यादीत घ्या, पण वेगळ्या खुणेने. ती गाळू नका. मास्तरांचं घर बऱ्याच अंशी त्यांवरच चाललेलं असतं.

*नक्कल.* लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला दिसली की रविवर्म्याची छापील चित्रं आधी ताडून पाहा. नक्कल हा शिकण्याचा मार्ग होता, त्यात कमीपणा नाही. पण 'स्वतंत्र रचना' म्हणून छापलंत तर जाणकार हसतील.

*नुसत्या शिक्क्यावरून साल ठरवणं.* विन्सर अँड न्यूटन या इंग्रजी कंपनीचा कॅनव्हास कुणी मुंबईहून आणून वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेला असू शकतो. शिक्का 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतो.

आणि घरातल्या कुणी चित्र साफ करून दाखवतो म्हणत ओलं फडकं किंवा बटाट्याची फोड घेतली, तर हात धरा. जलरंग असेल तर पाण्याने चित्रच जातं, तैलरंग असेल तर वार्निश पांढरं पडतं.

शोधायचं कुठे? घर, सोयरे, शिकवलेली शाळा, नगरपालिकेचं सभागृह, जुने डॉक्टर-वकील, वाचनालयं, तालमी, देवळांचे सभामंडप, राजवाडे. औंधचं श्री भवानी संग्रहालय तर पाहाच. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी १९३८ मध्ये ते उभं केलं. तिथे रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. तुमच्या मास्तरांचं तिथे काही नसलं, तरी त्यांनी तरुणपणी काय पाहिलं असेल याचा अंदाज येतो. कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं पाहून या, तेही याच कारणासाठी. वाईजवळ मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं पाहिलीत, तर या भागात चितारी परंपरा इंग्रजी ड्रॉइंगच्या आधीपासून आहे हे डोळ्यांनी पटतं.

सांगलीकरांनी एक प्रश्न प्रत्येक घरात विचारावा: "पुराच्या आधी काय काय होतं?" २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, गावभागातल्या खालच्या मजल्यांवर ट्रंका, अल्बम, भिंतीवरची चित्रं बुडाली. २००५ आणि २०२१ चे पूर वेगळे. गेलेल्या चित्रांचीही यादी करा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. पुष्कळदा त्याच घरातल्या लग्नाच्या फोटोत, नवरानवरीच्या मागे, ते चित्र भिंतीवर असतं.

३. यादी घेऊन माणसांकडे जा

आता मुलाखती. पण हातात फोटो घेऊन. "मास्तर कसे होते?" विचारलं की माणूस गुणगान सुरू करतो. "ही बाई कोण?" म्हणून चित्र पुढे केलं की तो थांबतो, चष्मा लावतो आणि सांगतो, "ही आमची आत्या. बसून बसून पाय आखडले म्हणून ओरडत होती." तुम्हाला हवं ते हेच.

साल कुणाच्याही लक्षात नसतं, त्यामुळे साल विचारू नका. घटना विचारा. चित्र आलं तेव्हा गांधीवधानंतरचं जळीत झालं होतं का? कोयनेच्या भूकंपाच्या (डिसेंबर १९६७) आधी की नंतर? बहात्तरचा दुष्काळ? त्याहून जुन्या लोकांनी सांगितलेलं असेल तर प्लेग, मानमोडीची (१९१८ च्या इन्फ्लुएंझाची) साथ, पत्री सरकार. त्याच्या जोडीला घरातली लग्नं आणि बाळंतपणं. बायका या बाबतीत पुरुषांपेक्षा पक्क्या असतात. घरातल्या काकूंना, आत्यांना आतून बाहेर बोलावून बसवा. बैठकीत पुरुष बोलत राहतात आणि दारामागून दुरुस्ती येते, "तेव्हा बंड्या पोटात होता हो."

जळिताबद्दल जपून विचारा. १९४८ च्या फेब्रुवारीत या दोन्ही जिल्ह्यांत ब्राह्मणांची घरं जळली आणि त्यात कागद, चित्रं गेली. काही घरांत ते अजूनही मोठ्याने बोललं जात नाही. स्वतःहून बोलले तर लिहून घ्या, छापायचं का ते त्यांनाच विचारा.

रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या आणि परवानगी दिल्याचं वाक्यही रेकॉर्ड करून ठेवा. मुलाखत त्याच आठवड्यात लिहून काढा.

दोन प्रश्न तुम्हालाही येतील, उत्तरं तयार ठेवा. पहिला: "याची किंमत किती येईल हो?" उत्तर: मला त्यातलं कळत नाही. कळत असलं तरी हेच उत्तर. भावाभावांत चित्रांच्या वाटणीवरून वाद असतो आणि तुमचा आकडा त्यात साक्षीला ओढला जातो. दुसरा: "ते पिण्याचं तेवढं लिहू नका." यावर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. कर्ज, व्यसन, दुसरं घर या गोष्टींनी कामावर परिणाम झाला असेल, म्हणजे यादीत तीन-चार वर्षं रिकामी दिसत असतील, तर त्याचा उल्लेख यावा, मोजक्या शब्दांत. कामाशी संबंध नसेल तर तो कुटुंबाचा खासगी मामला. ही रेघ मी माझ्यापुरती ओढली आहे, तुमची वेगळी असू शकते, पण घरच्यांना छपाईआधी सांगा. पुस्तक हातात पडल्यावर कळता कामा नये.

४. जन्मतारीख आणि जिल्ह्याचा घोळ

शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती जन्मतारीख धरू नका. मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी सोयीने टाकलेली ती तारीख आहे. अख्खा वर्ग एक जूनला जन्मलेला सापडेल. जन्मपत्रिका असेल तर ती पाहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते चैत्राच्या आधीपर्यंत ७९ मिळवायचे. म्हणजे शके १८३२ च्या चैत्रातला जन्म १९१० चा आणि त्याच शकातल्या माघातला १९११ चा. संस्थानी कागदात फसली (महसुली कालगणनेचं) साल आलं तर ढोबळमानाने ५९० मिळवा.

गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये असतात आणि ती बुकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. नकलेचा अर्ज करायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, गाव आणि अंदाजे सालांची मुदत लिहायची. "आजोबांची नोंद हवी" एवढंच लिहिलंत तर अर्ज परत येतो. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून बऱ्याच तालुक्यांतली ही बुकं स्कॅन झाली आहेत, त्यामुळे आधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर नजर टाका. नोंदीत बहुतेकदा बापाचं नाव आणि 'मुलगा' एवढंच असतं, बाळाचं नाव नसतं. मुलाचा अनुक्रम घरच्यांकडून पक्का केल्याशिवाय ती नोंद आपलीच समजू नका.

जिल्ह्याचं आणखी वेगळं. आजच्या सांगली जिल्ह्यातलं तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे इंग्रजी अमलात सातारा जिल्ह्यात होतं. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात. जत वेगळं संस्थान. मिरज संस्थानाच्या दोन पात्या, म्हणजे वाटण्या, थोरली आणि धाकटी. सांगली संस्थानचा मुलूख तर सलगही नव्हता. मंगळवेढा, तेरदाळ, शिरहट्टी हे सगळं सांगलीकर पटवर्धनांकडे. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्याचं नाव सांगली पडलं. तेव्हा आटपाडीच्या मुलाची शिष्यवृत्ती सांगलीच्या कागदांत शोधून सापडणार नाही, ती औंधच्या कागदांत असेल. आणि एखाद्या दाखल्यावर 'द. सातारा' दिसलं तर तो कागद साधारण त्या अकरा वर्षांतला.

५. 'ते जे.जे.चे होते'

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकाल. निम्म्या वेळा ते खरं नसतं, आणि कुणी मुद्दाम खोटं बोलत नसतं. सरकारी चित्रकला परीक्षांचा कारभार मुंबईतून चाले. कोल्हापूर, पुणे, सांगलीच्या खासगी क्लासांत शिकून विद्यार्थी परीक्षेपुरते मुंबईला जात आणि गावी 'जे.जे.चे' म्हणून परत येत. त्यामुळे प्रमाणपत्र पाहायला मागा आणि त्यावर परीक्षेचं नाव नीट वाचा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शाळकरी परीक्षा. डी.टी.सी., डी.एम., ए.एम. या ड्रॉइंग शिक्षकांच्या पात्रता. जी.डी. आर्ट हा पूर्ण डिप्लोमा. पाटीवर 'जी.डी. आर्ट' आणि पेटीत फक्त इंटरमिजिएट, असंही होतं. ते पुस्तकात साधेपणाने लिहा. माणसाचा हात त्याने लहान होत नाही.

खरोखर जे.जे.त असतील तर संस्थेला लेखी अर्ज करा, पूर्ण नाव आणि अंदाजे वर्षं घालून. नाव लिहिताना तेव्हाचं आडनाव द्या. गावावरून पडलेलं 'कर' आडनाव पुष्कळांनी मुंबईत गेल्यावर लावलं किंवा सोडलं.

६. संस्थानी कागद

मास्तरांनी संस्थानिकांचं काम केलं असेल तर पैसे कुठून तरी निघाले असणार. ते खर्च शिक्षण खात्याखाली शोधू नका. बहुतेकदा ते खासगीकडे, म्हणजे राजघराण्याच्या घरखर्चात पडलेले असतात. शोधायचे शब्द: तसबीर, चितारी, रंगसामान, पडदे, बक्षीस. संस्थानांचे छापील वार्षिक अहवालही असत. त्यांत शाळा, शिष्यवृत्त्या, प्रदर्शनं यांची माहिती मिळते.

राज्याच्या पुराभिलेखागाराची दप्तरं मुंबई, पुणे आणि कोल्हापूरला आहेत. कोणत्या संस्थानचे कोणते कागद कुठे, हे जाण्याआधी पत्राने विचारा. ओळखपत्र, फोटो आणि संशोधनाचा विषय लिहिलेला अर्ज लागतो. जुने कागद मोडीत असतील. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. वेळ असेल तर करा. नसेल तर मोडी वाचकाला पैसे देऊन वाचून घ्या, पण लिप्यंतर पूर्ण मागा, सारांश नको. सारांशात तुम्हाला हवा तो रंगांच्या खर्चाचा आकडा गळतो.

७. छापलेली चित्रं

आपल्या भागाचं भाग्य असं की किर्लोस्करवाडी इथेच आहे. १९२० पासून तिथून मासिक निघायला लागलं, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' आली, आणि ती काढणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकला शिकलेले. मुखपृष्ठं, कथाचित्रं, जाहिराती. तुमच्या माणसाने यात काही केलं असण्याची शक्यता चांगली. बांधणी केलेल्या अंकांत मुखपृष्ठं बहुधा काढून टाकलेली असतात, म्हणून सुटे अंक असलेला संग्राहक शोधा. दिवाळी अंक, कॅलेंडरं, औषधांची लेबलं, क्रमिक पुस्तकं हेही पाहा.

१८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी प्रदर्शनं भरवते. तिच्या कॅटलॉगात चित्राचं नाव, माध्यम आणि मागितलेली किंमत असे. ही किंमत सोन्यासारखी जपा. शाळेचा मासिक पगार आणि एका चित्राची किंमत शेजारी शेजारी मांडली की मास्तर चित्रकलेकडे काय आशेने पाहत होते, हे दोन ओळींत कळतं.

नाटकाचे पडदे उरत नाहीत. पण १८४३ पासूनची नाट्यपरंपरा सांगणाऱ्या सांगलीत जाहिराती आणि हँडबिलं उरतात आणि त्यांवर 'नवीन सीनसिनरी' म्हणून रंगवणाऱ्याचं नाव कधी कधी छापलेलं असतं. 'केसरी', 'ज्ञानप्रकाश' आणि साताऱ्याचा 'ऐक्य' यांच्या जाहिरातींचे रकाने बातम्यांपेक्षा जास्त देतात.

एक माणूस अनेक गावांत सांडलेला असतो, हेही ध्यानात ठेवा. पंडित सातवळेकर घ्या. आपण त्यांना औंधचे वेदपंडित म्हणून ओळखतो, ते जे.जे.त शिकलेले चित्रकार होते, कोकणात जन्मले, हैदराबादेत राहिले, लाहोरात त्यांचा स्टुडिओ होता, मग औंध आणि १९४८ नंतर गुजरातेत पारडी. फक्त औंधात शोधलं असतं तर अर्धा चित्रकार हातातून गेला असता. तुमच्या मास्तरांच्या बदल्यांची यादी शाळेच्या सेवापुस्तकातून काढा आणि प्रत्येक गावी एकदा तरी जा.

८. हक्क आणि परवानग्या

चित्र ज्याच्या भिंतीवर, त्याच्याकडे ते छापण्याचा हक्क असतोच असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. १९७० साली वारलेल्या चित्रकाराचा हक्क २०३० च्या अखेरीपर्यंत त्याच्या वारसांकडे. मात्र पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं पोर्ट्रेट असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्काचा पहिला मालक काढून घेणारा. म्हणजे घरातल्या लँडस्केपसाठी वारसांची आणि शेटजींच्या पोर्ट्रेटसाठी ते ज्यांनी काढून घेतलं त्यांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी. पत्रांचंही तसंच: पत्र ज्याला आलं त्याच्याकडे कागद, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे. सरकारी संग्रहालयातल्या चित्राचा फोटो छापायला पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची लेखी परवानगी काढा, तिला वेळ लागतो. परवानगी तोंडी घेऊ नका. चित्राचा क्रमांक, पुस्तकाचं नाव, 'एकदा छापण्यासाठी' असं लिहून खाली सही. सगळ्या वारसांची.

९. लिहायला बसणं

तक्ता सालवार लावा आणि त्याच्या शेजारी आयुष्यातल्या घटना. प्रकरणं आपोआप दिसायला लागतात. कुठे चित्रं दाट, कुठे विरळ, कुठे माध्यम बदललं. बायको गेल्यावर तैलरंग बंद होऊन जलरंग सुरू झाले असतील, तर कारण दुःख असेल किंवा तैलरंग महागले असतील. दोन्ही लिहा, पुरावा ज्याला आहे त्याला पुढे ठेवा.

प्रत्येक विधानासमोर स्वतःच्या प्रतीत खूण करा: कागद आहे, दोघांनी सांगितलं, एकानेच सांगितलं. एकानेच सांगितलेलं छापायचं असेल तर 'घरच्यांच्या आठवणीप्रमाणे' हे शब्द हवेत. थोर माणसाने पाठीवर थाप मारल्याची गोष्ट प्रत्येक चित्रकाराच्या घरात असते. तिला ही चाळणी लावाच.

चित्राचं वर्णन चित्रासमोर बसून करा, फोटोवरून नको. आधी दिसतं ते लिहा: उजेड कुठून येतो, सावलीत कोणता रंग आहे, पागोट्याची घडी कशी केली आहे, पार्श्वभूमी पुरी केली आहे की टाळली आहे. मग मत. 'कुंचल्याचा जादूगार', 'रंगयात्री', 'कलातपस्वी' हे शब्द पहिल्या खर्ड्यातच शोधून काढून टाका. आणि वाईट चित्राला वाईट म्हणा. मास्तरांनी उपजीविकेसाठी घाईत केलेली कामं बेताची असणारच. ती तशी आहेत असं म्हटलंत तरच चांगल्या चित्राबद्दल तुमचं म्हणणं कुणी ऐकून घेईल.

१०. छपाई

रंगीत चित्रं सगळ्या पुस्तकभर पेरलीत तर खर्च झेपत नाही. मजकूर साध्या कागदावर आणि रंगीत चित्रं आर्ट पेपरच्या एका वेगळ्या फर्म्यात, म्हणजे सोळा पानांत, हा मधला मार्ग. रंगांचा प्रूफ कागदावर मागा, मोबाइलवर पाहून होकार देऊ नका; आपल्याकडच्या जुन्या तैलचित्रांतला तपकिरी रंग छपाईत लालसर होतो. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती काढा. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. प्रकाशकाने १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. त्या पाठवल्या का ते विचारा.

चित्रांची पूर्ण यादी पुस्तकाच्या शेवटी छापा, हरवलेल्यांसकट, आणि तिथेच एक पत्ता द्या. पुस्तक बाहेर पडलं की फोन सुरू होतात, "आमच्याकडे पण एक आहे." त्यांना पहिला प्रश्न: चित्र उतरवून मागची बाजू पाहिलीत का?